माथेरानच्या त्या तिघांचे आभार

मे महिन्यातल्या एका रविवारी आईला घेऊन माथेरानला गेलो होतो. दस्तुरी नाक्यापुढे मोटारी नेता येत नाहीत, म्हणून मिनी ट्रेनच्या रुळांकडेने, तांबड्या मातीतून चालत निघालो. पेमास्टर पार्कमध्ये पोचलो आणि आईला घेरी आली.

करवंदं विकणाऱ्या मावशी टोपली तिथेच टाकून धावल्या. आईचं डोकं मांडीवर घेऊन त्यांनी मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. लेकीनेसुद्धा इतक्या मायेने केलं नसतं. माळीदादांनी पंचा भिजवून दिला. तासाभराने आई सावरल्यावर एका घोडेवाल्या दादांनी तिला सावकाश दस्तुरीपर्यंत आणलं. पैसे घेतलेच नाहीत. मावशींनी दिलेला करवंदांचा द्रोण आईने घरापर्यंत हातातून सोडला नाही.

गडबडीत तुमची नावं विचारायची राहिली. आई आता ठणठणीत आहे, रोज तुमची आठवण काढते. तुम्हा तिघांचे मनापासून आभार.