गाडीला ‘मदत बोलव’ सांगण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या गाडीची चावी हातात देताना शोरूममध्ये सनरूफ कसे उघडायचे ते आवर्जून दाखवतात. नुसते बोलून गाणे कसे लावायचे, एसी कसा कमी करायचा, तेही दाखवतात. गाडी चालवताना छातीत दुखू लागले किंवा समोर अपघात दिसला तर बोलून ११२ या मदतीच्या नंबरवर फोन कसा लावायचा, हे मात्र बहुतेक वेळा राहून जाते. सोय बऱ्याच नव्या गाड्यांत असते, पण काही तयारी आधी केलेली नसेल तर ती ऐनवेळी अडते. कुठे अडते आणि का, हे कोल्हापूरकर वाहनचालकांना नेमके माहीत असावे म्हणून हे पत्र.

पहिला घोळ होतो तो आपले बोलणे नक्की कोण ऐकते आहे, याबद्दल. स्टिअरिंगवर आवाजाचे चिन्ह असलेले बटण असते. बहुतेक गाड्यांत ते हलकेच दाबले की गाडीची स्वतःची यंत्रणा जागी होते आणि दाबून धरले की फोनमधली सिरी किंवा गूगल. या दोघींचा स्वभाव वेगळा आहे. गाडीच्या यंत्रणेला सहसा ठरावीक इंग्रजी आज्ञाच कळतात, पण फोन लावायला तिला बहुधा इंटरनेट लागत नाही. ब्लूटूथने जोडलेल्या फोनची साधी रेंज पुरते. गूगलला आपली वाक्ये सहज कळतात, पण तिला डेटा लागतो. शहरात, ताराराणी चौकात, हा फरक जाणवतही नाही. गगनबावड्याच्या पुढे करूळ घाटात, आंबा घाटात किंवा राधानगरीहून दाजीपूरच्या जंगलातून फोंड्याकडे उतरताना तो कळतो: फोनवर रेंजची एखादी काडी दिसत असते, पण डेटा नसल्यामुळे गूगल उत्तरच देत नाही. अशा वेळी बटण हलकेच दाबून गाडीच्या यंत्रणेला सांगायचा प्रकार माहीत असेल तर फोन लागतो. म्हणून दोन्ही प्रकार शिकून घ्यावेत.

याच कारणासाठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या कंपनीची रेंज गेली तरी तिथे दुसऱ्या कंपनीचा टॉवर पोचत असेल, तर ११२ त्या टॉवरवरून लागू शकतो. रुग्णवाहिकेच्या १०८ ला ही सवलत मिळेलच असे नाही. घाटात आवाजाने काम होत नसेल तर गाडी बाजूला घेऊन हाताने ११२ दाबावा. फोनच्या पॉवर बटणावरूनही हा कॉल जातो. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये ते बटण तीन वेळा दाबावे लागते, अँड्रॉइडमध्ये बहुधा पाच वेळा. आपल्या फोनमध्ये कसे आहे ते सेटिंगमधल्या ‘इमर्जन्सी एसओएस’मध्ये आजच पाहून ठेवावे.

आता आज्ञेबद्दल. आकडे सुटे सुटे म्हणावेत: ‘कॉल वन वन टू’. ‘डबल वन टू’ आपल्या तोंडात बसलेले असले तरी बऱ्याच यंत्रणांना ते पचत नाही. ‘एकशे बारा’ म्हटले तर इंग्रजीवर लावलेली यंत्रणा गोंधळतेच. त्यापेक्षा नंबर नावाने साठवावा. नाव रोमन अक्षरांत असावे, कारण देवनागरीत लिहिलेले नाव गाडीच्या यंत्रणेला सहसा उच्चारता येत नाही आणि ओळखताही येत नाही. फोनमध्ये ‘आई’, ‘दादा’, ‘डॉक्टर कुलकर्णी’ अशी मराठीत साठवलेली नावे गाडीला का सापडत नाहीत, याचे उत्तरही हेच. दुसरे म्हणजे नाव दुसऱ्या कुठल्या नावासारखे ऐकू येणारे नको. कोल्हापुरात कित्येकांच्या फोनमध्ये ‘अंबाबाई’, ‘अंबिका’ अशी सुरुवात असलेली दुकाने, ट्रॅव्हल्स आणि मंडळे असतात. तिथे ‘ॲम्ब्युलन्स’ एवढेच नाव ठेवले तर फोन भलतीकडेच लागण्याची शक्यता राहते. ‘रोड इमर्जन्सी’ असे दोन शब्दांचे नाव बरे. नंबर लिहिताना पुढे शून्य, +९१ किंवा एसटीडी कोड घालू नये. ‘+९११०८’ असा साठवलेला नंबर लागत नाही.

दोन सिमकार्डे असलेल्या फोनमध्ये आणखी एक अडचण असते. कॉलसाठी ‘दर वेळी विचारा’ असे ठेवलेले असेल, तर १०८ किंवा महामार्गावरच्या मदतीचा १०३३ लावताना कुठले सिम, हा प्रश्न फोनच्या स्क्रीनवर येऊन थांबतो. फोन खिशात असतो, गाडीच्या पडद्यावर काहीच दिसत नाही आणि माणूस वाट पाहत बसतो. कॉलसाठी एक सिम कायमचे ठरवून टाकावे. ब्लूटूथ जोडताना ‘कॉन्टॅक्ट्स’ची परवानगी नाकारलेली असेल तर गाडीला एकही नाव सापडत नाही, ती जोडणी काढून पुन्हा करावी. घरातल्या तिघांचे फोन एकाच गाडीला जोडलेले असतील तर कॉल मुख्य म्हणून निवडलेल्या फोनवरूनच जातो. तो फोन त्या दिवशी घरी राहिला असेल तर दुसरा निवडून मगच निघावे.

कोणता नंबर कशासाठी, हेही थोडक्यात. ११२ वर पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका तिन्ही मिळतात. माणूस गाडीत अडकला असेल, आग असेल, मार्ग बंद झाला असेल तर हाच. १०८ ही राज्याची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे; फक्त आजारपण किंवा जखम असेल तर तो सरळ लावावा. पुणे-बेंगळुरू महामार्गासारख्या राष्ट्रीय महामार्गावर १०३३ वरून गस्तीची गाडी आणि क्रेनही मागवता येते.

फोन लागल्यावर जे बोलायचे, त्यात आपल्याकडे सर्वांत जास्त वेळ जातो. राज्यातला ११२ चा कॉल आधी नवी मुंबईच्या मुख्य नियंत्रण कक्षात किंवा नागपूरच्या कक्षात घेतला जातो आणि तिथून जिल्ह्याकडे येतो. १०८ चा कक्ष पुण्यात आहे. पलीकडच्या माणसाला ‘तावडे हॉटेल’ म्हणजे चौक की खाणावळ, हे ठाऊक असेलच असे नाही. ‘शिरोली’ म्हटले तर त्याला ‘शिरोळ’ ऐकू येऊ शकते. शिरोली पुलाची हातकणंगले तालुक्यात, कोल्हापूरला लागून. शिरोळ हा तालुकाच वेगळा, कितीतरी पूर्वेला. म्हणून आधी जिल्हा, मग तालुका, मग रस्ता, मग गाव आणि शेवटी खूण, या क्रमाने सांगावे. नमुना असा: ‘कोल्हापूर जिल्हा, करवीर तालुका, पुणे-बेंगळुरू हायवे, गोकुळ शिरगावच्या पुढे, कागलकडे जाणारी बाजू. कार डिव्हायडरला धडकली आहे. दोघे जखमी, एकजण अडकला आहे, शुद्धीवर आहे.’

‘कागलकडे जाणारी बाजू’ हे शब्द कधीच गाळू नयेत. मधल्या डिव्हायडरमुळे चुकीच्या बाजूला आलेल्या रुग्णवाहिकेला पुढच्या पुलापर्यंत जाऊन वळावे लागते. सहापदरीकरणाच्या कामामुळे मुख्य रस्ता आणि सर्व्हिस रोड यांची अदलाबदल होत असते, तेव्हा आपण यातल्या कशावर आहोत तेही सांगावे. जवळ किलोमीटरचा दगड दिसत असेल तर त्यावरचा आकडा वाचावा. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्यमार्गाचा हिरवा. आकडा वाचता आला नाही तरी रंग सांगितल्याने कुठला रस्ता ते कळते. डेटा चालू असेल तर सिरीला किंवा गूगलला ‘व्हेअर ॲम आय’ विचारले की जागेचा पत्ता मिळतो. तो नियंत्रण कक्षाला फोन लावायच्या आधी ऐकून घ्यावा, कॉल चालू असताना नव्हे.

नियंत्रण कक्षाला आपली जागा आपोआप दिसते, असे समजून अनेकजण नुसते ‘लवकर या’ म्हणून फोन ठेवतात. टॉवरवरून कळणारी जागा ढोबळ असते. घाटात, जिथे टॉवर दूर दूर आहेत, तिथे ती काही किलोमीटरनीही चुकू शकते. सीमाभागात तर आणखी वेगळे. कोगनोळीच्या आसपास किंवा चंदगडच्या टोकाला फोनने कर्नाटकातला टॉवर पकडला तर कॉल तिकडच्या कक्षात जाऊ शकतो. समोरून कन्नड ऐकू आले तर फोन कापू नये. ‘महाराष्ट्र, कोल्हापूर डिस्ट्रिक्ट’ एवढे दोनदा स्पष्ट म्हणावे.

गाडीतल्या आवाजाचे यंत्र पलीकडच्याला आपले बोलणे कसे पोचवते, हाही मुद्दा आहे. कंपनीच्या गाडीत माईक सहसा छतावरच्या दिव्यापाशी असतो. एसीचा ब्लोअर जोरात असेल आणि काचेकडचे झोत चालू असतील तर पलीकडे नुसती घरघर जाते. आज्ञा देण्याआधी ब्लोअर कमी करावा, काचा वर घ्याव्यात. बाहेरून बसवलेल्या अँड्रॉइड स्टिरिओत माईक पुढच्या पट्टीवरच्या टाचणीएवढ्या भोकात असतो आणि तोंडापासून फार लांब पडतो. मागच्या ‘माईक’ सॉकेटमध्ये वायरचा वेगळा माईक लावून तो काचेच्या बाजूच्या खांबावर, तोंडापासून साधारण हातभर अंतरावर बसवून घ्यावा. स्पीकरपासून मात्र लांब, नाहीतर आवाज घुमतो. अशा स्टिरिओमधले गूगल फोनच्या हॉटस्पॉटवर चालते आणि त्याला बऱ्याचदा कॉल लावताच येत नाही, कारण कॉल ब्लूटूथच्या वेगळ्या ॲपमधून जातात. तुमच्या गाडीत स्टिअरिंगचे बटण नक्की कशाला जोडले आहे, हे बसवणाऱ्याकडून समोर करून दाखवून घ्या.

सर्वांत घातक गोष्ट घडते ती गाडीतून उतरल्यावर. धूर येत असेल किंवा मागून वाहने येत असतील तर माणूस फोन हातात घेऊन खाली उतरतो आणि कानाला लावून बोलू लागतो. इग्निशन चालूच राहिले तर आवाज अजून गाडीच्या स्पीकरमधून येत असतो आणि माईकही गाडीचाच चालू असतो. हा रस्त्याकडेला ओरडतोय, पलीकडच्याला रिकामी गाडी ऐकू येतेय. उतरताना फोनच्या कॉल-स्क्रीनवरचे ‘ऑडिओ’ बटण दाबून ‘फोन’ किंवा ‘स्पीकर’ निवडावे, किंवा इग्निशन बंद करावे. ही एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने हाताने करून पाहिलीच पाहिजे.

स्वतःलाच मोठा अपघात झाला तर आवाजाच्या आज्ञेवर फार भिस्त ठेवू नये. धडकेत बॅटरीची वायर तुटली की पडदाच बंद पडतो. फोन सीटखाली जाऊन पडतो. आयफोन पालथा पडला किंवा झाकला गेला तर ‘हे सिरी’ ऐकून न ऐकल्यासारखा करतो. त्यासाठी ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये जाऊन सिरीचा ‘नेहमी ऐक’ हा पर्याय चालू करावा लागतो. अँड्रॉइडमध्ये बॅटरी सेव्हर लावला की ‘हे गूगल’ बऱ्याचदा बंद होते. फोन पक्क्या होल्डरमध्ये असेल तरच या साऱ्याचा उपयोग. आयफोन १४ आणि त्यापुढच्या फोनांत धडक ओळखून आपोआप कॉल करण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी. काही गाड्यांत आरशापाशी किंवा छतावर लाल एसओएस बटण असते. ते गाडीतल्या वेगळ्या सिमवरून कंपनीच्या कॉल सेंटरला लागते, ११२ ला नव्हे, आणि ठरावीक वर्षांनंतर त्याची वर्गणी संपते. वर्गणी चालू आहे का, ते कंपनीच्या ॲपमध्ये पाहावे. युरोपात मार्च २०१८ पासून मंजूर होणाऱ्या नव्या मॉडेलच्या मोटारींत धडकेनंतर थेट ११२ लावणारी यंत्रणा सक्तीची आहे. आपल्याकडे खासगी मोटारींना तशी सक्ती नाही, हे ध्यानात असू द्यावे.

आवाजाची आज्ञा खरी उपयोगी पडते ती दुसऱ्याचा अपघात कळवताना आणि चालवता चालवता स्वतःला बरे वाटेनासे झाले तर. दुसऱ्या बाबतीत आधी इंडिकेटर देऊन गाडी कडेला घ्यावी, हॅझार्ड लावावेत, मगच बोलावे.

सराव कसा करायचा? ११२ वर अजिबात नको, त्या फोनाने खऱ्या माणसाचा नंबर अडतो. ‘रोड इमर्जन्सी’ या नावाखाली आधी घरातलाच एखादा नंबर साठवावा. गाडी उभी करून, मग एसी लावून, मग शेजारी कोणी बोलत असताना, अशी तीन वेळा आज्ञा देऊन पाहावी. तीनही वेळा घरचा फोन वाजला की त्या नावाखालचा नंबर बदलून ११२ करावा आणि फोन गाडीला पुन्हा जोडावा, म्हणजे गाडीतली यादीही बदलेल. चुकून ११२ लागलाच तर न कापता ‘चुकून लागला, मदत नको’ असे सांगावे, नाहीतर तिकडून उलट फोन येत राहतात.

दोन मागण्या आहेत. डिलिव्हरीच्या वेळी हा सराव ग्राहकाकडून करून घेणे, हा शोरूमच्या यादीतला एक मुद्दा व्हावा. जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानात परिवहन कार्यालयाने त्याचा आग्रह धरावा. आणि करूळ, आंबा, फोंडा या घाटांच्या तोंडाशी, जिथे शेवटची भरवशाची रेंज मिळते तिथे, तसे सांगणारा आणि जिल्हा, तालुका, किलोमीटर ठळक लिहिलेला फलक सार्वजनिक बांधकाम विभागाने लावावा. तो वाचून फोन करणाऱ्याला वरचे वाक्य तयारच मिळेल.

– मोटारींचे इलेक्ट्रिक व ऑडिओ काम करणारे काही कारागीर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर