पन्हळ आपण साफ करू, झाड राहू द्या : वाचनालयाचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

हे पत्र गेल्या आठवड्यातच निघायचं होतं. पण ते सगळे दिवस ओल्या पुस्तकांच्या पानांत टिपकागद सारण्यात गेले. उशिराबद्दल क्षमा असावी.

काय झालं ते बहुतेकांच्या कानावर आहेच. दारातल्या पर्जन्यवृक्षाचा पाचोळा छपराच्या पन्हळीत साचला, पाणी तुंबलं आणि रात्रीतून मागच्या भिंतीवरून आत उतरलं. सगळ्यात खालचे कप्पे भिजले. सकाळी कुलूप उघडल्यावर ग्रंथपालबाई काही न बोलता चपला काढून पाण्यात उतरल्या आणि पुस्तकं वर द्यायला लागल्या. ओल्या कागदाला ४८ तासांत बुरशी धरू लागते, त्यामुळे चर्चेला वेळ नव्हताच. पुस्तकं पंख्याखाली उभी केली, पानं पंख्यासारखी उघडून. उन्हात घातली नाहीत, कारण उन्हात बांधणी वाकते. चकचकीत कागदाच्या चित्रांच्या पुस्तकांना मात्र वाचवता आलं नाही. ती पानं भिजून वाळली की कायमची चिकटतात.

एवढं झाल्यावर मला सर्वांत जास्त ऐकू आलेलं वाक्य : "झाडच काढून टाका ना, कटकट मिटेल." म्हणून हे आवाहन.

हे झाड वाचनालयाचं दुसरं दालन आहे, हे नव्याने राहायला आलेल्यांना कदाचित ठाऊक नसेल. आत जागा पुरेना तेव्हा पहिल्या पिढीच्या सभासदांनी झाडाभोवती कट्टा बांधला. विटा एकाने दिल्या, वाळू दुसऱ्याने, आणि ज्या गवंडीकाकांनी तो बांधला त्यांनी मजुरी म्हणून जन्मभराचं सभासदत्व मागून घेतलं. ते रोज संध्याकाळी येत. पर्जन्यवृक्षाची पानं दिवस कलला की मिटतात. ती मिटली की "वाचनालय बंद झालं" असं म्हणून काका उठायचे. आमचं घड्याळ त्याच्या पुढेमागे असलं, तर चूक घड्याळाची. कोपऱ्यावरच्या घरातल्या आजींनी आपल्या यजमानांचा सगळा संग्रह दिला आणि नाव लावू नका असं बजावलं. म्हणून इथेही लावलेलं नाही, पण कोण ते आपण जाणताच. लोखंडी मांडण्या ज्यांनी दिल्या त्यांनी त्या स्वतः रंगवूनही दिल्या. आसपासच्या झाडांच्या बुंध्यांभोवतीचं सिमेंट फोडून आळी मोकळी करण्याचं काम तर शाळेतल्या मुलांचं. खोडांतले खिळे, तारा त्यांनीच काढल्या. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतं आणि आवळलेली तार नेमकी तीच वाट बंद करते, हे भूगोलाच्या बाईंनी त्यांना एकदाच सांगितलं होतं. आता ती मुलं आपल्यालाच सांगतात.

आणि सुचवणीची वही! ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडली. त्यातलं तिसरं म्हणजे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. आपल्याकडे ते काम ही वही करते. तीन रकाने : पुस्तक, का वाचावं, कुणी वाचू नये. तिसरा रकाना पहिल्यापासून लोकप्रिय. "पहाटे उठायचं असेल त्याने रात्री हातात घेऊ नये" ही एका पुस्तकाबद्दलची नोंद वाचून ते पुस्तक कधी मांडणीवर टिकलंच नाही. झाडांवर काय वाचावं असं कुणी विचारलं, तर दशांश वर्गीकरणाप्रमाणे (पुस्तकांना विषयवार आकडे देण्याची पद्धत) वृक्ष ५८२ मध्ये, वनशास्त्र ६३४.९ मध्ये आणि झाडांवरच्या कविता थेट ८०० च्या कपाटात. वहीत मात्र सगळी एका पानावर भेटतात, कारण लिहिणारा कट्ट्यावर बसून, वर बघत लिहितो.

ती पहिली वहीही भिजली. बॉलपेनच्या नोंदी वाचता येतात. शाईच्या पेनाने लिहिणाऱ्यांच्या नोंदी निळं पाणी होऊन गेल्या. आणि सगळ्यात चांगलं लिहिणारे शाईचेच होते.

आता थोडं मनातलं. गेल्या पावसाळ्याआधी "पन्हळ साफ करायला दोनतीन जण हवेत" असा कागद फलकावर लावला होता. आले दोघं : एक मी आणि दुसरे तो कागद लावणारे आमचे शिपाईकाका. वयोमानाने दोघांनाही शिडीवर चढता येत नाही. वृक्षफेरीला फोटो काढायला मात्र कट्टा अपुरा पडला होता. राग नाही, नोंद केली एवढंच.

झाडाचा शेंडा उडवणं हाही उपाय नाही. कापलेल्या तोंडाशी भराभर कोंब फुटतात, त्यांची पकड कच्ची असते आणि वाऱ्यात तेच आधी मोडतात. शिवाय झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. नवं लाकूड वाढवून झाड ती बंदिस्त करतं, आणि काप फार मोठा असला तर तोवर आत कूज शिरलेली असते. पाचोळ्याचा दोष पाचोळ्याला द्यावा. तो पन्हळीतून काढला तर खत आहे. धाकट्या रोपांच्या आळ्यांत बोटभर जाड पसरला तर ओल टिकते (खोडाला टेकवू नये, साल कुजते).

तर हवं आहे ते असं. येत्या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, शिडीवर चढू शकणारे चारजण आणि खाली शिडी धरणारे चारजण, पन्हळीवर बसवायला जाळी, मांडण्या जमिनीपासून वीतभर उचलण्यासाठी लाकडी ठोकळे, ते बसवणारा सुतार मिळाल्यास उत्तम, टिपकागद कितीही. रोपांना पहिली दोनतीन वर्षं पाणी लागतं, तेव्हा घरासमोरचं एक रोप ज्याने त्याने सांभाळावं, नाव ग्रंथपालबाईंकडे नोंदवावं. मुलांसाठी चित्रांची पुस्तकं हवीत. जुनी क्रमिक पुस्तकं, परीक्षांची मार्गदर्शकं आणि कसर किंवा बुरशी लागलेले गठ्ठे कृपया आणू नयेत, मागच्या वेळी ते वेचण्यातच दोन दिवस गेले. रोख देणगी ऐच्छिक, रक्कम कितीही चालेल, खात्याचा तपशील फलकावर आहे, पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. ज्यांच्याकडे पुस्तकं थकली आहेत त्यांनी आणून द्यावीत, दंड घेणार नाही, विचारणारही नाही.

आणि वहीसाठी : ज्यांनी पूर्वी लिहिलं होतं त्यांनी येऊन पुन्हा लिहावं. जे आता येऊ शकत नाहीत त्यांच्या नोंदी ज्यांना आठवतात त्यांनी लिहाव्यात, मूळ कुणाची ते समासात टाकून. नवी वही कट्ट्यावर ठेवली आहे.

आपला नम्र,
कार्यवाह

ता. क. : वहीला बॉलपेन दोरीने बांधलं आहे. शाईचं पेन आणू नये.