जाड लोकरीचे मफलर

ती. आई-बाबांना सा. न.

आई, बोटं दुखतात म्हणून क्रोशाची सुई बाजूला ठेवली, असं तू फोनवर सहज सांगून गेलीस. मला ते फार लागलं. लेसची बारीक सुई आता चिमटीत धरवत नसेल. पण सध्या मी निवारागृहातल्या लोकांसाठी जाड लोकरीचे मफलर विणतेय. त्याला 10 मिलिमीटरची सुई लागते आणि ती मुठीत धरता येते. लोकरीचं वजन मनगटावर येतं, म्हणून विणलेला भाग मांडीवर टेकव. दुखायला लागलं की लगेच थांब. सुईवर एकच टाका असतो, मधेच ठेवलं तरी फारसं काही उसवत नाही.

कृती तुला काय सांगायची! 15-16 साखळ्या घालून पुढे प्रत्येक ओळीत नुसते अर्ध्या खांबाचे टाके, लांबी साधारण 160 सेंटिमीटर. हात मात्र सैल ठेव. ऊब असते ती धाग्यांत अडकलेल्या हवेची. घट्ट विणलं की मफलर पुठ्ठ्यासारखा ताठ होतो, गळ्याला वळत नाही.

लोकर मी अ‍ॅक्रिलिकची घेतली. शुद्ध लोकर जास्त उबदार, तुला तीच आवडते, ठाऊक आहे. पण गरम पाण्यात घुसळली गेली की ती आटते. ज्याला कपडे धुवायला स्वतःची जागा नाही, त्याला गार पाण्यात हाताने धुवा असं कोणत्या तोंडाने सांगायचं? अ‍ॅक्रिलिक मशीनमध्ये टाकलं तरी चालतं. फक्त इस्त्री नको.

बाबा, धाग्याची सुटी टोकं विणीत ओवायचं काम तुमचं. जाड धागा निसटतो, म्हणून 15 सेंटिमीटर टोक ठेवायचं, एका दिशेने ओवून परत उलटं आणायचं. नाहीतर पहिल्याच धुण्यात बाहेर येतं. रंगही तुम्हीच ठरवा. उरलीसुरली लोकर संपवायची म्हणून कसेही रंग जोडलेले मला पटत नाहीत. घेणाऱ्यालाही आवडनिवड असते. तुम्ही स्वतः गळ्यात घालून बाहेर पडाल, असाच रंग निवडा. गडद असला तर मळही कमी दिसतो.

सुई आणि करड्या लोकरीचे दोन गुंडे पाठवतेय. आई, आधी दहा-बारा ओळीच विणून बघ आणि हात कसा राहतो ते कळव. जड वाटलं तर थोडी बारीक लोकर आणि 8 मिलिमीटरची सुई पाठवते.

तुमची लेक