खंडोबा माझ्याकडे आलाय

पुणे, चंपाषष्ठी, रात्रीचे साडेअकरा

प्रिय ठमे,

सात महिने तुला उत्तर दिलं नाही, त्याच्या शिव्या भेटल्यावर दे. आईच्या वेळी आठवडाभर येऊन राहिलीस आणि नंतर मी तुझे फोनसुद्धा घेतले नाहीत. गुडघा बरा आहे, शुगर आहे तिथेच आहे. पण आज लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही. आज मी माझ्या घरात खंडोबाची तळी उचलली.

हस, हसून घे. 'कुणाचीही तळी उचलू नये' हे तूच हॉस्टेलच्या भिंतीवर खडूने लिहिलं होतंस आणि वॉर्डनबाईंना वाटलं, आपल्यावरच आहे.

झालं असं की वाड्यातली खोली रिकामी करायला दादा पंधरा दिवसांच्या रजेवर आला. पातेली, गाद्या, कपाटं सगळ्यांची वाट लागली आणि देव्हारा राहिला. पाच टाक, देवांचे ते चांदीचे ठसे, तुला आठवत असतील: खंडोबा, भवानी, जोतिबा, एक वीर आणि कुणाचा तरी मुंजा. पन्नास वर्षं आईने राखेने घासले, त्यात खंडोबाचं नाक पार गेलंय. घोडा कुठला आणि कुत्रा कुठला, तेही कळत नाही. दादा म्हणाला, "तिकडे कोण करणार? सोनाराला देऊ, नाहीतर नदीत सोडू." आणि वर चांदीचा भाव सांगितला. तेवढा सांगितला नसता तर मी हो म्हटलं असतं बहुतेक. टाक ओढणीत बांधले आणि सरळ रिक्षात बसले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. त्याची बाजू घेऊ नकोस. तू कायम त्याचीच घेतेस, आणि का घेतेस ते मला 1993 पासून माहीत आहे.

आणले खरे, पण ठेवायचे कुठे? इथल्या देव्हाऱ्यात सासूबाईंचा मंगेश. आत्याने फोनवर बजावलं, लग्न झालेल्या मुलीने माहेरचे देव नेऊ नयेत, दोन कुळांचे देव एका पाटावर बसत नाहीत, भांडतात. तीन रात्री मी टाक गव्हाच्या डब्यात ठेवले. गव्हाच्या डब्यात, ठमे! 'माझा काही विश्वास नाही बाई' म्हणणारी मी, आणि देव आपसात भांडतील म्हणून घाबरले!

शेवटी दळण काढताना ते सासूबाईंनाच सापडले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "आमचा मंगेश 1560 साली पोर्तुगीजांच्या भयाने कुठ्ठाळीहून प्रियोळला आला गो. तिथे आल्यावर त्याला कुणी कूळ विचारलं? सरकव ती समई." झालं. मी तीन रात्री जागले त्याचा निकाल एका समईत.

भानगड एकच झाली. सोमवार मंगेशाचा म्हणून आमच्याकडे मासे रविवारी. आता रविवार खंडोबाचा. सासूबाईंनी बोटं मोडत मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार सगळे देवांना वाटले आणि हाती उरला बुधवार. "तुझ्या देवाने माझी सुरमई बुधवारावर ढकलली" हे दर आठवड्याला ऐकते.

तर आज. तळीचं भंडारा-खोबऱ्याचं ताम्हण उचलायला पाच पुरुष हवेत. नवरा, समोरचे आजोबा, वॉचमन, झाले तीन. भरताची वांगी मी नेमकी विसरले होते, ती घेऊन आलेल्या पोराने दारातून भंडारा पाहिला आणि चपला काढल्या. "ताई, तळी भरताय?" बारामतीकडचा, धनगराचा. ताम्हणाखाली टोपी ठेवायची असते, आणि आमच्यात टोपी कुणाकडे? त्याने हेल्मेट काढून पाटावर ठेवलं. पाचवं कुणी मिळेना म्हणून ताम्हणाला मीच हात लावला. आजोबांनी एकदा माझ्याकडे, एकदा ताम्हणाकडे पाहिलं आणि खोकले. आम्हाला सगळ्यांना 'येळकोट येळकोट'च्या पुढे काही येत नव्हतं. पुढचं सगळं त्या पोराने म्हटलं, आणि मध्येच मला म्हणाला, "नुसती म्हाळसा काय, आमच्या बानाईचंही नाव घ्या की." फोन किणकिणायला लागला तसा खोबऱ्याचा तुकडा खिशात टाकून पिवळ्या कपाळाने पळाला. वाघ्याचा झाला पाग्या, पण त्याचा येळकोट राहिना!

तिसऱ्यांदा तळी उचलताना माझ्या घशातून जो आवाज निघाला तो आईचा होता. लेक व्हिडिओ काढत होती, तिने मोबाईल खाली केला.

आता खरं विचारते. हे काय आहे? तू जेजुरीच्या पायरीवर बसून राहिलीस तो दिवस आठव. ज्या देवाला पोरी वाहून मुरळ्या करतात त्याच्यापुढे हात जोडणार नाही, 1934 सालापासून कायदा आहे आणि तरी हे चालतं, असं तू ओरडून सांगत होतीस आणि लोक वळून बघत होते. मी रागाने एकटी वर गेले, परतीच्या एसटीत आपण बोललो नाही. तू बरोबर होतीस. आज भंडारा उधळताना मला तूच आठवत होतीस, आणि तरी हात थांबला नाही. आई हवी म्हणून मी देव धरून बसलेय का? मग मुंजाशी माझं काय नातं? तो कोण, कधी गेला, कुणाला माहीत नाही, तरी सकाळी टाक धुताना सगळ्यात जास्त त्याच्याशीच बोलते. मागत काही नाही. पाणी किती वाजता जाणार, लेकीचा निकाल कधी, असलं सांगते. लेक म्हणते, "पुढे मी नेईन, पण रोजची पूजा नाही हं." मी कुठे काय म्हटलं? पण त्या रात्री नीट झोपले.

तुझ्या लेकाच्या लग्नाचं कळलं, फार छान. साडी नको, कुकर घेते. निवृत्तीनंतर घरी बसू नकोस, वेड लागेल. मोतीबिंदू काढून घे.

नैवेद्याचं पान कुत्र्याला द्यायचं, तर सोसायटीत कुत्र्यांना खायला घालू नये अशी नोटीस. अंधारात गेटबाहेर भाकरी-भरीत ठेवून आले, चोरासारखी. कुत्र्याने भाकरी खाल्ली, भरीत ठेवलं.

माघात टाक जेजुरीला भेटवायला न्यायचे आहेत. येशील? वर येऊ नकोस हवं तर. पायरीवर बस, मी उतरेपर्यंत माझी पिशवी सांभाळ. आणि दादाचा काल मेसेज आलाय, 'टाक नीट आहेत ना?' एवढाच. उत्तर काय देऊ ते कळव.

तुझी,
बयो