कोल्हापूरच्या केएमटी बसमधल्या मावशी, तुमचे मनापासून आभार

साडेतीन महिन्यांची लस देऊन आम्ही राजारामपुरीला परतत होतो. दोन्ही मुली एकदम रडायला लागल्या. तेव्हा जागा देऊन, धाकटीला खांद्यावर थोपटत उभ्या राहिलेल्या मावशी, तुमचं नावही मला माहीत नाही. तुमच्यामुळं थोरलीला पदराआड निवांत पाजता आलं. जुळ्यांत एकीचं पोट भरेस्तोवर दुसरी उपाशी रडते, ते ऐकताना आईचा जीव तुटतो. त्या दिवशी दोघी शांत झाल्या. भर पावसात बाळांच्या पिशव्या जिन्यावरून वर आणून देणारे रिक्षावाले मामा, तुमचेही आभार. मावशी, आमच्या बाजूला कधी आलात तर हाक मारा. दोघी आता पालथ्या पडायला लागल्यात.