मॅडम, त्या वजनकाट्यासाठी मनापासून आभार

मॅडम, नमस्कार.

शिक्षकदिनाला तुम्हाला दोन ओळींचा मेसेज जातोच, पण या वेळी तेवढ्यावर भागणार नाही. जे सांगायचंय ते चारचौघांत सांगावंसं वाटतंय. आरोग्य माहिती प्रणालीचं व्यवस्थापन हा विषय आता बऱ्याच ठिकाणी पदव्युत्तर वर्गांना शिकवतात. तो तुमच्यासारखा शिकवता येतो, हे ते शिकवणाऱ्यांच्या कानावर जायला हवं.

तुमच्या वर्गात आले तेव्हा मी आतून चिडलेली होते. ते तुम्हाला दिसलं असणार, पण तुम्ही कधी विचारलं नाहीत. कारण आज सांगते. त्याआधी मी एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स होते. तिथे नवं सॉफ्टवेअर आलं आणि ट्रेनिंग एका दुपारीत उरकलं. शिकवायला आलेल्या मुलाने वॉर्ड आतून पाहिलेलाच नव्हता. औषध दिल्याची वेळ टाकल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही आणि अख्ख्या वॉर्डाला कॉम्प्युटर एकच, तोही बहुतेक वेळा डॉक्टरांच्या हातात. मग ड्यूटी संपली की आम्ही मुली एकामागे एक बसून आठवून आठवून वेळा टाकायचो. पुढे तपासणी झाली, शेकडो डोस त्याच त्या ठरावीक वेळांना दिलेले दिसले, नोंदी खोट्या ठरल्या आणि मेमो निघाले ते नर्सेसच्या नावाने. आमच्या सीनियर सिस्टर, ज्यांच्या हाताखाली अर्धं रुग्णालय शिकलं, त्या मेमो हातात घेऊन चेंजिंग रूममध्ये रडत बसल्या होत्या. वॉर्डात कॉम्प्युटर किती आहेत, हे मेमो लिहिणाऱ्याने एकदाही विचारलं नाही.

हेच कुठेतरी नीट शिकायचं म्हणून नोकरी सोडून पदव्युत्तरला आले. पहिल्या सत्रात वाट्याला काय आलं, तर स्लाइड. अमेरिकेतल्या विम्याची बिलं कशी होतात आणि तिथली रुग्णालयं कोडिंग कशी करतात, म्हणजे आजारांना सांकेतिक क्रमांक कसे देतात, एवढंच. आयसीडी, एचएल-सेव्हन, लॉइंक, स्नोमेड या आरोग्याची माहिती सगळीकडे एकाच पद्धतीने लिहायच्या आणि पाठवायच्या मानकांची लांबलचक पूर्ण नावं पाठ करा, पेपरात लिहा, मोकळे व्हा. ही मानकं फार कामाची आहेत, आज त्यांच्यावाचून माझं पान हलत नाही. पण शिकवणाऱ्या सरांनी आम्हाला एकही खरी नोंदवही दाखवली नाही. खरा डेटा कधी बघायला मिळेल, असं एका मुलाने विचारलं तर उत्तर मिळालं, "नोकरीत गेल्यावर बघालच." त्या दिवशी मी घरी फोन करून सांगितलं होतं की मी परत येतेय.

आणि मग पुढच्या सत्राला तुम्ही आलात.

पहिल्याच तासाला तुम्ही उपकेंद्राच्या मासिक अहवालाचा भरलेला नमुना प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवलात. केंद्र सरकारचं एचएमआयएस हे आरोग्याच्या आकडेवारीचं पोर्टल २००८ साली सुरू झालं, देशभरातल्या आरोग्य संस्थांचे आकडे दर महिन्याला त्यात जातात, एवढं दोन वाक्यांत सांगून तुम्ही थेट विचारलंत, "या रकान्यात शून्य आहे आणि या रकान्यात काहीच नाही. फरक काय?" वर्ग गप्प. शून्य म्हणजे कुणीतरी पाहिलं आणि काही घडलेलं नव्हतं. कोरं म्हणजे कुणी पाहिलं की नाही तेच कळत नाही. मातामृत्यूच्या रकान्यात ते कोरेपण काय करू शकतं, यावर तो पूर्ण तास गेला.

मग एकेक कोडं यायला लागलं. एका गावात गरोदर मातांच्या नोंदी कमी आणि बाळंतपणं जास्त, असं कसं? आमच्यातल्या अमरावतीच्या मुलीने पटकन सांगितलं, "पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना!" नोंद सासरच्या उपकेंद्रात, बाळ माहेरच्या. तुम्ही तिचं उत्तर फळ्यावर लिहिलंत आणि मग विचारलंत की या बाईची सासरची नोंद आणि माहेरची नोंद जोडायची कशी, आणि जोडायचा अधिकार कुणाला असावा. दुसऱ्या एका तालुक्यात मे महिन्यात पेंटाव्हॅलंटचे, म्हणजे बाळांना देतात त्या पाच आजारांवरच्या लशीचे, तिसरे डोस पहिल्यापेक्षा जास्त दिसत होते. सॉफ्टवेअर त्याला चूक ठरवून लाल रंग दाखवणार. पण बीडकडच्या मुलाला माहीत होतं की ऊसतोडीला गेलेली माणसं गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडला की गावी परततात. लेकरांना पहिला डोस तिकडे मिळालेला असतो, तिसरा गावात मिळतो. लाल रंग दिसला की आकडा "दुरुस्त" करायला आधी धावायचं नाही, ही शिस्त तुम्ही अशी अंगात मुरवलीत. आम्ही गावाकडून जे घेऊन आलो होतो ते या विषयातलं ज्ञान आहे, हे आम्हाला तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं.

गडचिरोलीचा तासही आठवतो. तिथल्या 'सर्च' या संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत घरच्या घरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निकाल आला, की नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हे सगळे शिकवतात. तुम्ही मात्र आम्हाला थांबवलंत ते एका जागी. बाळाचं वजन, ताप, श्वास मोजून कागदावर उतरवणाऱ्या बाया त्याच गावातल्या, बेताचं शिकलेल्या होत्या. त्यांना नीट शिकवलं, हातात चांगली साधनं दिली, त्यांच्या नोंदींवर विश्वास ठेवला, म्हणून तो आकडा जगाने मानला. हे तुम्ही सांगत होतात तेव्हा मला चेंजिंग रूममधल्या सिस्टर दिसत होत्या.

आता मुख्य गोष्ट.

तुम्ही आम्हाला एका उपकेंद्रावर नेलंत. तिथल्या जन्मवजनांचा आलेख आम्ही आधीच वर्गात काढला होता, नावं काढून टाकलेल्या यादीवरून. अडीच किलोवर एवढा उंच खांब आणि दोन किलो चारशेवर जवळजवळ काहीच नाही. अडीचच्या खाली गेलं की बाळ कमी वजनाचं ठरतं, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या. त्यामुळे नेमक्या त्याच रेषेवर एवढी बाळं जमलेली बघून वर्गात कुजबुज झाली, "सिस्टर मनाने लिहितात." जीपमध्ये सुद्धा तेच चाललं होतं. मी खिडकीबाहेर बघत होते.

आपण पोचलो तर आरोग्यसेविका ताई धावपळीत उठल्या आणि स्वतःची खुर्ची तुमच्यापुढे सरकवली. तुम्ही बाकावर बसलात आणि म्हणालात, "ताई, तुमची खुर्ची तुम्हालाच राहू द्या. समोरच्या बायका बसल्यात, त्यांचं आधी होऊ द्या." लसीकरणाचा दिवस होता. आपण थांबलो. सगळं आटोपल्यावर त्यांनी आपणहून रजिस्टर उघडून पुढे केलं. घाबरलेल्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. आता तुम्ही विचारणार, अडीच-अडीच का लिहिलंत? मी मान खाली घातली होती.

तुम्ही विचारलंत, "ताई, वजनकाटा बघू का?"

कपाटाशेजारच्या खिळ्याला स्प्रिंगचा टांगता काटा लटकत होता, झोळी धुऊन वाळत घातलेली. तुम्ही पर्समधून पैसे काढून आमच्यातल्या एकाला समोरच्या दुकानात पाठवलंत, "मिठाचे दोन पुडे आण, एकेक किलोचे." पहिला पुडा लावला, काटा एक किलो दोनशेवर. दोन्ही लावले, दोन किलो दोनशे. पुडे काढले तरी काटा शून्यावर येईना. शून्य जुळवायचा स्क्रू गंजून घट्ट बसला होता. म्हणजे दोन किलो तीनशेचं बाळ या काट्यावर अडीचचं दिसणार. जीपमध्ये बोलणाऱ्यांपैकी कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही. ताई उठल्या, रजिस्टरच्या मागच्या कव्हरातून एक कागद काढला. नवीन काटा मिळावा म्हणून त्यांनी केलेल्या अर्जाची प्रत होती ती, आवक शिक्क्यासकट. तिच्याखाली स्मरणपत्राची प्रत. तुम्ही दोन्ही कागद पूर्ण वाचलेत, तारखा मोठ्याने वाचून आम्हाला लिहून घ्यायला लावल्यात आणि ताईंना म्हणालात, "हे जपून ठेवलंत, फार बरं केलंत." त्या वाक्यावर ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही. मिठाचे पुडे आपण शेजारच्या अंगणवाडीत देऊन आलो.

परतल्यावर आमच्या गटाच्या अहवालात कुणीतरी लिहिलं होतं, "आरोग्यसेविकेच्या नोंदी अविश्वसनीय." तुम्ही ती ओळ खोडलीत आणि तिथे स्वतःच्या अक्षरात लिहिलंत, "वजनकाटा २०० ग्रॅम जास्त दाखवतो, मागणी प्रलंबित, अर्जाची प्रत जोडली आहे." आकडा अडीचवर गोळा होण्यात काट्याखेरीजही कारणं असतात, तेही तुम्ही लपवलं नाहीत. वाचताना माणूस सोयीच्या आकड्याकडे झुकतो. बाळ कमी वजनाचं लिहिलं की वरून प्रश्न येतात, म्हणूनही हात अडखळतो. त्यावर वेगळा तास घेतलात. पण पाहणी सुरू केलीत ती साधनापासून, माणसापासून नाही, आणि ज्या दिवशी मेमो निघाले त्या दिवसापासून मी जिची वाट बघत होते ती वागणूक मला तिथे, एका उपकेंद्रात बघायला मिळाली. घरी परत जाण्याचा विचार मी त्या संध्याकाळी सोडला.

हे पत्र आत्ताच का, तेही सांगते. मी आता जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात आकडेवारीचं काम बघते. गेल्या आठवड्यात आढावा बैठक होती. एका तालुक्यात कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण अचानक वाढलेलं दिसलं आणि बैठकीचा सूर लगेच बदलला. कोण काम करत नाही, कुणाला नोटीस द्यायची. मी उभी राहिले. त्या तालुक्यात डिजिटल काटे कधी पोचले त्या तारखा आणि वजनांचे आधीचे-नंतरचे आलेख मी सोबत नेले होते. काटे आले त्या महिन्यापासून अडीचवरचा खांब खाली आला होता आणि त्याच्या डावीकडे बाळं दिसायला लागली होती. बाळं आधीही तेवढ्याच वजनाची जन्मत असणार, ती आता मोजली जात होती. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा जातात, कमी वजनाच्या बाळाला त्याहून जास्त लक्ष लागतं. ते लक्ष या बाळांना पहिल्यांदाच मिळणार आहे, एवढं मी सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. आलेख परत मागून घेतले, नोटिशीचा विषय तिथेच थांबवला आणि उरलेल्या तालुक्यांचे काटे तपासायला सांगितले. त्यांचेही आभार मानायला हवेत, कारण भरल्या बैठकीत आपलं मत बदलणारे वरिष्ठ मी फार पाहिलेले नाहीत.

मॅडम, या खात्यात चांगली माणसं खूप आहेत, हे मला तुमच्यामुळे दिसायला लागलं. रेंज नाही म्हणून टेकडीवर जाऊन माहिती पाठवणारे आरोग्यसेवक आहेत. तुटपुंज्या मानधनावर रात्री जागून शंकास्पद आकडा तसाच न भरता उपकेंद्राला फोन लावून विचारणारे डेटा एंट्री ऑपरेटर आहेत. आमच्याकडचे एक चालक काका लस घेऊन जाताना थर्मामीटर स्वतः बघून वहीत लिहितात. त्यांना ते काम कुणी सांगितलेलं नाही. यातल्या कुणाचं नाव कुठल्या डॅशबोर्डवर येत नाही. ज्यांनी आमच्या सिस्टरना मेमो दिला, त्यांना हे कधीच कळणार नाही याचा मला अजून राग येतो, आणि तो राग मी सोडणार नाही. नव्या सॉफ्टवेअरच्या बैठकीत मी पहिला प्रश्न विचारते तो त्याच रागातून. भरणार कोण, कुठे बसून, कुठल्या वेळेत, आणि भरल्यावर तिला त्यातून परत काय मिळणार? या प्रश्नामुळे मला कधी कधी लोक कंटाळतात. कंटाळू देत.

या वर्षीपासून पदव्युत्तरचे विद्यार्थी आमच्या कार्यालयात प्रशिक्षणाला येतात. पहिल्या आठवड्यात मी त्यांना लॉगिन देत नाही. आधी उपकेंद्रावर पाठवते, सोबत एकेक किलोची प्रमाणित वजनं देते, आणि आल्यावर प्रत्येकाकडून तिथल्या ताईंनी केलेल्या मागण्यांची यादी घेते. परवा एकीने येऊन सांगितलं की एका केंद्रावर हिमोग्लोबिन तपासायच्या पट्ट्या संपल्यात, म्हणून रकाना कोरा आहे, आणि तिने तिथे शून्य भरू दिलं नाही. ते ऐकलं आणि तुम्हाला लिहायला बसले.

पावसाळा सरला की तुमची नवी बॅच घेऊन आमच्या जिल्ह्यात या. गाडीची व्यवस्था मी बोलून ठेवते आणि जेवायला सगळ्यांनी माझ्या घरी यायचंय. आईला ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करायला सांगून ठेवलीय. तुम्हाला आवडते हे तिच्या लक्षात आहे. तारीख तेवढी आधी कळवा, म्हणजे लसीकरणाचा दिवस टाळून उपकेंद्रातल्या ताईंना निरोप देता येईल.

तुमची विद्यार्थिनी