सुरईचं काळं गेलं

प्रिय मधू,

आठ महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालशील, घाल. पण आधी हे वाच. तू दिलेली बिदरी सुरई (तीच, काळ्या धातूत चांदीची नक्षी ठोकलेली) दिवाळीच्या आवराआवरीत चिंच-मीठ लावून घासली गेली. कुणी, ते विचारू नकोस. तांब्याच्या घंगाळाशेजारी रांगेत बसवली होती बिचारीला. चांदीची अशर्फी-बुटीची फुलं झळकताहेत आणि त्यांच्यामागची काळी पार्श्वभूमी चुलीतल्या राखेसारखी. घरात कौतुक काय, तर "लख्ख झाली की!"

तब्येत ठीक. गुडघा तसाच.

आता सल्ल्यांना ऊत आलाय. एक म्हणतो बूटपॉलिश, दुसरा म्हणतो ऑइलपेंट. अरे, तो वरून दिलेला रंगच नव्हे! साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबं, ही ओतीव धातू मुळात राखाडीच. कारागीर ती कानशीने घासून मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) पाण्याने काळी करतात, पण ते तात्पुरतं. टोकाने रेखलेली नक्षी दिसावी एवढ्यापुरतं. मग छिन्नीने खोबणी पाडायची, चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा आणि पुन्हा घासायचं. त्यात ते काळं जातं. खरं काळं शेवटी येतं: बिदरच्या किल्ल्यातली, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली माती आणि नवसागर (अमोनियम क्लोराइड) पाण्यात कालवून तापल्या भांड्यावर चोळतात. धातू काळी पडते, चांदी पांढरीच राहते. मग धुऊन तेलाचा हात. चिंचेच्या आंबटाने तोच पातळ थर खाल्ला.

(आता तू म्हणशील, "बघ, ही कला म्हणजे बहमनी सुलतानांचीच अक्कल!" गादी गुलबर्ग्याहून बिदरला आली हे कबूल. पण संग्रहालयांतले बहुतेक हुक्के-सुरया त्यांच्या नंतरच्या आहेत. हे भांडण मी अजून सोडलेलं नाही.)

आधी सौम्य उपाय केला. कोमट पाण्याने आंबटाचा अंश काढला, लगेच कोरडं पुसलं, कारण ओल राहिली की जस्तावर पांढरी बुरशी धरल्यासारखे डाग येतात. मग सुती फडक्यावर दोन थेंब खोबरेल. मानेच्या खाचांत काळं परत दिसलं, म्हणजे तिथला थर शाबूत आहे. पोटावर मात्र नुसता तेलकट राखाडी. तिथे पुन्हा माती लावण्यावाचून इलाज नाही.

माझी खरी धास्ती पुढेच आहे. नवसागर बाजारात मिळतो, गॅस घरात आहे, हात शिवशिवतात. पण एकाच बाजूने आच लागली की जस्त चांदीपेक्षा जास्त फुगतं आणि बारीक तार खोबणीतून उचलते. ती परत ठोकायला कारागीरच लागतो. शिवाय तापलेल्या नवसागराचा धूर स्वयंपाकघरात नको. आणि कुंडीतली माती चालेल, हा तुझा जुना सिद्धांत कृपया इथे लावू नकोस.

तर तू उदगीरला आहेस, बिदर तुला जवळ. घेऊन जाशील? देण्याआधी तिथल्या कारागिरांना एवढंच विचार: उचललेल्या तारा काळं करण्याआधी ठोकणार की नंतर? "आधी" म्हणाले तरच दे. नंतर ठोकली तर नव्या काळ्यावर ओरखडे येतात.

बदलीचं काय झालं? पोरीच्या दहावीचं कळव. वहिनींना नमस्कार, हे पत्र दाखवू नकोस, पुढची दिवाळी त्यांच्याकडेही येणार आहे.

येताना मोठी पिशवी आण, गोधडी मी देतो. एसटीत वरच्या फळीवर ठेवू नकोस. पितळेसारखी पोचा पडून भागत नाही, ही धातू तडकते.

तुझा,
अन्या